हातचा

हेल्वे मला तासाचे आठ युरो देते,
वर बटाट्याचं सूप.
लग्नाच्या अकरा वर्षांत
इतका चोख हिशेब आमच्यात कधी झाला नव्हता.

हापसालूत डिसेंबरात उजेड
दहाला येतो, तीनला जातो,
बदलीची वाट पाहणाऱ्या कारकुनासारखा.
तेवढ्यात तिला माझं तोंड उरकायचं असतं.
मी खिडकीशी बसतो. पलीकडे गोठलेली खाडी,
बर्फात अडकलेली कुणाची तरी होडी,
तिच्यावर एक कावळा,
जो माझ्याहून चांगला बसतो.

"हलू नकोस, काल्यू."
मी हलत नाही. हात हलतो.
उजवा. दोन वर्षं झाली.
डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, ते लिहून घ्यायला गेलो
तर अक्षरं बारीक होत होत मुंग्या झाली.
हिउमाच्या फेरीबोटीवर तेहतीस वर्षं
हाच तळवा इंजिनाच्या अंगावर ठेवून
कुठलं बेअरिंग जाणार ते मी आधी सांगायचो.
आता हातच इंजिन झालाय
आणि बंद करायची कळ सापडत नाही.

तीन वाजता ती सुरी घेते
आणि दिवसभराचा मी खरवडून काढते.
कपाळ, नाक, हनुवटीचा खळगा.
माझा लगदा मासळीच्या रिकाम्या डब्यात जमतो,
राखाडी, जवसाच्या तेलाचा वास येणारा.
"जमलं नाही?"
"जमलं होतं. दुपारपर्यंत तू बदललास."
मी म्हणतो, तेव्हा इतक्या सहज निघालो असतो
तर वकिलाचे पैसे वाचले असते.
ती हसत नाही. ब्रश पुसते,
भांडल्यासारखा.

एकदा ती सरपण आणायला खाली गेली
आणि मी उठून पाहिलं.
पाहायचं नाही असं ठरलं होतं.
चेहऱ्याच्या जागी नुकतंच कुणी उठून गेलेली गादी:
खळगा आहे, माणूस नाही.
मला भीती वाटली नाही.
खोटं कशाला, वाटली. गुडघ्यांत.

कोपऱ्यात जुने कॅनव्हास उभे होते
भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे.
एक वळवला. तीच होती.
चाळिशीतली, मी गेलो त्या हिवाळ्यातली.
केस, गळा, हिरवा स्वेटर, सगळं जागच्या जागी.
ओठ तेवढे खरवडलेले,
इतक्या वेळा
की कापडाचा धागा उघडा पडला होता.

परत ठेवताना चौकट भिंतीवर टकटकली.
हात, दुसरं काय.
दारात ती, कवेत बर्चची लाकडं.
कुणी काही बोललं नाही.
सूप गरम केलं. मीठ कमी होतं,
तेही कुणी बोललं नाही.

"तू कायम हातचा राखून जगलास,"
कोर्टाच्या पायऱ्यांवर ती म्हणाली होती.
तेव्हा चिडलो होतो.
आता तो हातचाच मांडीवर फडफडतो,
कशात मिळवायचा ते विसरलेला.

जानेवारीत एके दिवशी तिने सुरी उचलली नाही.
हात काढला होता. त्याच्यावर दुसरा, जरा डावीकडे.
मग तिसरा; त्याच्याखालून
पहिल्याची बोटं दिसत राहिलेली.
आठ की नऊ हात एकाच बाहीतून,
कुठलाच पुसलेला नाही,
कुठलाच पुरा नाही.
चेहरा मात्र कोराच ठेवला होता.

"आता हलू नकोस म्हणत नाहीस?"
"गप्प बस. उजेड चाललाय."

तीन वाजले. सव्वातीन.
होडी दिसेनाशी झाली, कावळा त्याआधीच.
दिवा लावायला तीही उठली नाही, मीही नाही.
अंधारात ब्रशचा आवाज येत होता
आणि माझ्या हाताचा, विजारीच्या कापडावर.
दोन्ही कधी जुळत,
बहुतेक वेळा नाही.

त्या दिवशीचे पैसे द्यायला ती विसरली.
मी आठवण केली नाही.